देवगिरीच्या हिशेबनिसाची ओळ

आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. १, २, ३, ५, ८, १३ ही संख्यांची ओळ, जिला जग फिबोनाची या इटालियन माणसाचं नाव देतं, ती मुळात आपलीच आहे, असा तो मजकूर. खाली सूर्यफूल, शंख आणि हात जोडलेली दहा चित्रं. गेल्या खेपेला तो दादाने टाकला. भाचीने (धाकट्या बहिणीची मुलगी, प्रोग्रॅमिंग करते, रोज मीरा रोड ते अंधेरी) त्याखाली लिहिलं, "मोठे मामा, ही अख्खी न संपणारी रांग आम्ही एका ओळीत लिहितो." दादाचं उत्तर तयारच होतं, "म्हणजे तुमच्या त्या प्रोग्रॅमिंगचं मूळही इथलंच." त्यावर ती म्हणाली, "मूळ ग्रंथ उघडून पाहिलाय का कुणी?" पुढे चार दिवस ग्रुपवर दोघांचंही 'शुभ प्रभात' आलं नाही.

मग दोघांनी वेगवेगळा फोन करून माझं मत विचारलं. मी जन्मभर हिशेब लिहिले, आता भाईंदरला आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, त्यामुळे आकड्यांच्या भांडणात पंच म्हणून माझीच वर्णी लागते. खरं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहितो. ब्लॉगवाल्या मित्रांनो, घरातलं भांडण चव्हाट्यावर आणतोय खरं, पण यात तुम्हाला एक असा माणूस भेटेल ज्याचं हे काम संगीतवाल्यांनाही फारसं ठाऊक नसतं. आणि तो निघाला पेशाने माझाच भाऊबंद.

आधी भाचीची ती एक ओळ. आमच्या सोसायटीच्या वहीत प्रत्येक खर्चाचा वेगळा रकाना आहे. पगार, वीज, लिफ्ट, पाण्याचा टँकर. (टँकरचा रकाना नसलेली वही भाईंदरात शोधून दाखवा.) एप्रिलचा एकूण खर्च म्हणजे चारही रकान्यांतले एप्रिलचे आकडे एकत्र, मेचा म्हणजे मेचे. पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा, असं एकास एक जुळवत जायचं. प्रोग्रॅमिंगवाले या जुळवण्याला 'झिप' म्हणतात. बॅगेची चेन ओढली की दोन्ही बाजूंचे दात एकात एक बसत जातात, त्यावरून. नुसतं जुळवून न थांबता प्रत्येक जोडीवर बेरीज किंवा गुणाकार करायचा असेल तर हॅस्केल नावाच्या भाषेत त्याला 'झिपविथ' असं नाव आहे. इथवर काही विशेष नाही, आपण कारकून मंडळी हे शाई-टाकाच्या काळापासून करतोय.

विशेष पुढे आहे. त्या भाषेत रकाना न संपणारा असला तरी चालतो. "सगळ्या संख्या" असं लिहून मोकळं व्हायचं. मशीन त्या सगळ्या काढायला बसत नाही. तुम्ही दहावी मागितलीत तर दहाव्यापर्यंत जातं आणि तिथेच बसकण मारतं. याला ते सरळ 'लेझी' म्हणतात, आळशी. मला हा शब्द फार आवडला. आता १, २, ३, ५, ८ ही ओळ घ्या. तिच्याखाली तीच ओळ पहिला आकडा सोडून लिहा. उभी बेरीज करा.

१ २ ३ ५ ८
२ ३ ५ ८ १३
बेरीज: ३ ५ ८ १३ २१

बेरजेत पुन्हा तीच ओळ आली, दोन घरं पुढे सरकलेली. म्हणून भाचीच्या प्रोग्रॅममध्ये एवढंच लिहिलेलं असतं, की ही रांग म्हणजे आधी १, मग २, आणि त्यापुढे तिचीच तिच्या शेपटीशी केलेली बेरीज. रांगेची व्याख्या करताना रांगच वापरली! हे वाचून माझ्यातला ऑडिटर दचकला होता. पण अडत कुठेच नाही, कारण पुढचा आकडा काढायला मागचे दोनच लागतात आणि ते आधीच काढून ठेवलेले असतात. एकदा काढलेला आकडा मशीन फेकत नाही, पुन्हा काढतही नाही. आळशाला दुप्पट काम म्हणतात ना, ते इथे उलटं पडतं. मागचे आकडे जपून न ठेवणारा प्रोग्रॅम प्रत्येक आकड्यासाठी मागचा सगळा हिशेब पहिल्यापासून करत बसतो, आणि आळशी आपलं एक बेरीज करून स्वस्थ.

ही कल्पना फार जुनी नाही. पीटर लँडिन या इंग्रज संशोधकाने १९६५ च्या सुमारास अशा लागेल तशा पुढे सरकणाऱ्या रांगा मांडल्या. १९७६ साली दोन जोड्यांनी, हेंडरसन-मॉरिस आणि फ्रीडमन-वाइज यांनी, एकमेकांवर विसंबून न राहता आळशी गणनेवर निबंध लिहिले. डेव्हिड टर्नरने तशा भाषा घडवल्या. मग १९८७ मध्ये पोर्टलंडच्या एका परिषदेत ठरलं की सगळ्यांची मिळून एक भाषा करू, आणि १ एप्रिल १९९० ला हॅस्केलचा पहिला अहवाल निघाला. तारीख थट्टेची वाटते, पण खरी आहे.

आता दादाची बाजू. १, २, ३, ५, ८ या ओळीपुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. विरहांक नावाचा प्राकृत छंदांचा जाणकार, साधारण इ. स. ६०० ते ८०० च्या दरम्यानचा, त्याने मात्रावृत्तांच्या संदर्भात हा नियम सांगितला. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. पाच मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येईल? शेवटी लघु असेल तर आधी चार मात्रा, शेवटी गुरू असेल तर आधी तीन. म्हणजे चारच्या तऱ्हा अधिक तीनच्या तऱ्हा. हेमचंद्राने गुजरातेत ११५० च्या आसपास हेच सांगितलं. फिबोनाचीचं सशांचं उदाहरण १२०२ सालचं. इथे वाद संपायला हवा. पण आपल्याकडे वाद इथेच थांबतो, आणि मग सूर्यफुलं सुरू होतात. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या माणसाचं.

देवगिरी. आपण दौलताबादचा किल्ला म्हणून सहलीला जातो ती. तेराव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात तिथे यादव राजा सिंघण राज्य करत होता. त्याच्याच राज्यात, कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटण लागतं. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता आणि त्याला शके ११२८ मध्ये दान मिळालं. हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. (हा चांगदेव वेगळा, वाघावर बसून येणारा नव्हे.) या सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा माणूस श्रीकरणाचा प्रमुख होता. श्रीकरण म्हणजे राज्याचं दप्तर आणि हिशेब. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत. शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होता. स्वतःला 'निःशंक' म्हणवून घेई, एका वीणेलाही त्याने तेच नाव दिलं. हिशेबनिसाने निःशंक असावं, याहून मोठी चैन नाही!

या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतं ज्याला आपला पूर्वज मानतात तो ग्रंथ. पाचवा अध्याय तालाचा. त्यात एकशे वीस देशी ताल सांगून झाल्यावर गृहस्थ थांबत नाही. ताल किती होऊ शकतात, सगळे मिळून, असा प्रश्न घेतो.

तालाचे चार काळ त्याने धरले. द्रुत म्हणजे अर्धी मात्रा, लघु एक, गुरू दोन, प्लुत तीन. द्रुत हे माप धरलं तर १, २, ४ आणि ६. मध्ये ३ नाही, ५ नाही. इथे विरहांकाची दोन मागच्यांची बेरीज पुरत नाही. चार द्रुतांचा काळ घेऊ. द्रुताला द्रु, लघुला ल, गुरूला गु लिहितो. तऱ्हा सहा: गु, लल, द्रुद्रुल, द्रुलद्रु, लद्रुद्रु, द्रुद्रुद्रुद्रु. क्रम त्याचाच आहे. आता फक्त शेवटचं अक्षर बघा. एका तऱ्हेच्या शेवटी गुरू, दोनांच्या शेवटी लघु, तिघांच्या शेवटी द्रुत. शेवटचं काढून टाकलं की मागे उरतो शून्य, दोन किंवा तीन द्रुतांचा ताल. म्हणून ६ बरोबर ३ अधिक २ अधिक १.

सहा द्रुत किंवा त्याहून मोठा काळ घेतला की प्लुतही येतो आणि चार मागच्या संख्या मिळवाव्या लागतात. एक घर मागची, दोन घरं मागची, चार घरं मागची, सहा घरं मागची. भाचीच्या भाषेत सांगायचं तर एकच रांग चारदा खाली खाली लिहायची, दर वेळी सरकवून, आणि चारही ओळींची उभी बेरीज:

१ १ २ ३ ६ १०
० १ १ २ ३ ६
० ० ० १ १ २
० ० ० ० ० १
बेरीज: १ २ ३ ६ १० १९

बेरीज म्हणजे वरचीच ओळ, पहिला १ सोडून. पुढे ३३, ६०, १०६, १९१, ३४०, ६१०. (हा ६१० फिबोनाचीच्या ओळीतही येतो. निव्वळ योगायोग, कृपया त्याचा मजकूर करून पाठवू नये.) हॅस्केलमध्ये चार रांगांसाठी झिपविथची वेगळी आवृत्ती आहे, नावातच चारचा आकडा. अशा सातपर्यंत आहेत. दोन रांगांची बेरीज ही शाळेतली गोष्ट, पण चार रांगा, चार वेगवेगळ्या अंतरांनी सरकवलेल्या, हे देवगिरीला कुणाला तरी लागलं, तेही मृदंगासारख्या व्यवहारातून. मला याचं विरहांकापेक्षा जास्त कौतुक आहे, आणि ते का, ते सांगतो.

वरच्या तक्त्यातली शून्यं पुन्हा बघा. एकास एक जुळवणी ऐन मध्यावर फार सोपी असते. सगळे रकाने भरलेले असतात, बेरीज करत सुटायचं. भांडण असतं टोकांना. आमच्या वहीत लिफ्टचा रकाना लिफ्ट बसल्यावर सुरू झाला, पार्किंगचा त्याहून उशिरा. आधीच्या महिन्यांत तिथे काय लिहायचं? कोरं, शून्य की रेघ? एकदा मागच्या खजिनदाराने रेघ मारली होती, ती मला एक वाटली, अन् पुढचं विचारू नका. प्रोग्रॅमिंगवालेही याच टोकांवर अडलेले आहेत. पायथन भाषेत 'झिप' २००० साली आलं. ते सर्वांत आखूड रकाना संपला की गुपचूप थांबतं आणि बाकीच्यांचे उरलेले आकडे टाकून देतं. लांबी जुळली नाही तर ओरडायला सांगायची सोय त्यात २०२१ साली झाली. एकवीस वर्षं! न संपणाऱ्या रांगांना शेपटाकडचं टोक नसतं, पण तोंडाकडचं असतंच, आणि सरकवलेल्या रांगांत तिथेच भोकं पडतात.

शार्ङ्गदेव शून्यं लिहीत नाही. वरच्या तक्त्यातला पहिला १, म्हणजे शून्य काळाचा ताल, काहीच न वाजवण्याची एकुलती एक तऱ्हा, तोही तो लिहीत नाही. गवयाला समोर बसवून "काही न वाजवण्याची तऱ्हा एक" असं सांगायची पाळी त्याने येऊ दिली नाही. त्याचा नियम असा: १ आणि २ मांड. शेवटच्या अंकात शेवटून दुसरा, चौथा आणि सहावा मिळव. चौथा किंवा सहावा नसेल, तर चौथ्याच्या जागी तिसरा आणि सहाव्याच्या जागी पाचवा घे. आलेली बेरीज उजवीकडे लिही. पुन्हा तेच.

करून बघा. समोर १, २, ३ आहेत. शेवटचा ३, त्याआधीचा २, चौथा नाही, म्हणून तिसरा, तो १. बेरीज ६. समोर १, २, ३, ६, १० आहेत. १० आणि ६, शेवटून चौथा २, सहावा नाही, म्हणून पाचवा, तो १. बेरीज १९. आणि तिसरा-पाचवाही नसेल तर काहीच मिळवायचं नाही. हे जमतं कारण न लिहिलेल्या शून्यघरातही १ आहे आणि पहिल्या घरातही १ आहे. एक घर अलीकडचा अंक उचलला की नेमकी तीच किंमत मिळते. तक्त्यातली सगळी भोकं दोन शब्दांच्या अपवादाने बुजली. मी हा भाग वहीच्या मागच्या पानावर दोनदा करून बघितला आणि कौतुकाने मान हलवली. इतकी वर्षं ताळेबंद जुळवलेल्या माणसालाच ही जागा दिसते: नियम सगळे सांगतात, सुरुवातीच्या नोंदींचं काय करायचं ते हिशेबनीस सांगतो.

मग दादा जिंकला का? नाही. चार ओळींचा तो तक्ता माझा आहे, म्हणजे आजच्या डोळ्यांनी मांडलेला. शार्ङ्गदेव टोकाला उभा राहून मागे बघतो, चार अंक उचलतो, पाचवा लिहितो. अख्खी न संपणारी रांग एक वस्तू समजून हातात धरणं, तिला सरकवणं, तिच्यातच मिळवणं, ही गोष्ट त्याच्याकडे नाही. ती लँडिन आणि त्याच्यामागून आलेल्यांची, आणि त्यासाठी त्यांना मशीनच्या कामाचा क्रमच बदलावा लागला. ते श्रेय काढून घेतल्याने देवगिरी एक वीतही उंच होत नाही. उलट "सगळं आपल्याकडे होतंच" म्हटलं की जे खरोखर होतं ते वाचायची गरज उरत नाही, आणि माझा राग आहे तो त्यावर. दादाला शार्ङ्गदेवाचं नाव ठाऊक नव्हतं. भाचीला तरी कुठे होतं म्हणा.

दोघांत सारखं आहे ते एवढंच, की काढलेला अंक जपून ठेवायचा आणि लागेल तेवढंच पुढे जायचं. शार्ङ्गदेवाला याची गरज होती. सगळ्या तऱ्हा क्रमाने लिहून काढण्याला तो प्रस्तार म्हणतो. आठ मात्रांचा, म्हणजे सोळा द्रुतांचा प्रस्तार मांडायचा तर तऱ्हा होतात ६,२३६. हे ताडपत्रावर कोण लिहील? म्हणून पुढचे दोन प्रश्न: अमुक क्रमांकाची तऱ्हा कोणती (हे 'नष्ट'), आणि अमुक तऱ्हेचा क्रमांक कितवा (हे 'उद्दिष्ट'). दोन्हींची उत्तरं प्रस्तार न मांडता, त्याच अंकांच्या ओळीवरून मिळतात. चार द्रुतांतली चौथी तऱ्हा हवी? पहिली एक गुरूवर संपणारी, पुढच्या दोन लघुवर, म्हणजे चौथी ही द्रुतावर संपणाऱ्यांत पहिली. शेवटी द्रुत ठेवला, उरले तीन द्रुत, त्यांतली पहिली तऱ्हा द्रुल. म्हणून द्रुलद्रु. वर यादीत ताडून बघा.

यानंतर देवगिरीचे दिवस फार उरले नव्हते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत यादव संपले. ग्रंथ मात्र वाचला. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने, पंधराव्यात विजयनगरच्या राज्यात कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिल्या. नारायण पंडिताने १३५६ च्या 'गणितकौमुदी'त मागच्या कितीही संख्या मिळवायच्या ओळींचा सर्वसाधारण नियम दिला, पण तो संगीताचा माणूस नव्हे, गणिताचा. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये कल्लिनाथाच्या टीकेसह संगीतरत्नाकर छापला, मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्या संपादनाखाली. म्हणजे मूळ ग्रंथ आपल्या हाताशी येऊन सव्वाशे वर्षं झाली. त्यावर चर्चा झाली ती बहुतेक श्रुती, स्वर आणि राग यांची. तालाध्यायाच्या या आकडेमोडीपाशी गवई आले की पान उलटत, आणि गणिती संगीताच्या कपाटाकडे कशाला जातील? परमानंद सिंह यांनी १९८५ मध्ये विरहांक-हेमचंद्रांची बाजू जगापुढे नीट मांडली. शार्ङ्गदेवाच्या प्रस्तारावरचा राजा श्रीधरन, आर. श्रीधरन आणि एम. डी. श्रीनिवास यांचा सविस्तर निबंध तर २०१० सालचा.

भाचीला मी हा नियम पाठवला, तिसऱ्या-पाचव्याच्या अपवादासकट. तिने दादालाही जोडून उत्तर दिलं, ते बरं झालं. आपल्या तीनतालाच्या सोळा मात्रा, म्हणजे बत्तीस द्रुत, तिने मशीनला विचारले: ६,८३,६०,४७२ तऱ्हा. दादाने कागद-पेन्सिल घेऊन शार्ङ्गदेवाच्या पद्धतीने तीस बेरजा केल्या, त्याला एक दुपार लागली, आणि आकडा तोच आला. यातली पहिली तऱ्हा म्हणजे एक लघु आणि त्यापुढे पाच प्लुत. सहा कोटी त्र्याऐंशी लाख साठ हजार चारशे बहात्तरावी म्हणजे ओळीने बत्तीस द्रुत.